एन-वन झालं, आता वाक्यं अर्धी सोडायला शिका

एन-वन म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात वरची लेव्हल, आणि ती पास झालेल्या लोकांचं जपानी ऐकणं हे माझं कामच आहे. ऑनलाइन स्पीकिंग घेते मी, त्यामुळे हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत बसायचं आणि कुठे काय खटकलं ते लिहून ठेवायचं हे रोजचंच. आणि खरं सांगायचं तर या लेव्हलला चुका अशा फार सापडतच नाहीत. वा आणि गा हे प्रत्यय जागच्या जागी, केइगो म्हणजे आदराची भाषा बऱ्यापैकी, पॅसिव्ह आणि कॉझेटिव्ह (करायला लावणं) एकाच क्रियापदात आलं तरी जीभ बरोबर वळते. तरीपण दोन-तीन मिनिटं ऐकलं की काहीतरी वेगळं वाटायला लागतं आणि ते उच्चारामुळे नसतं. समोरचा जपानी माणूस "ज्योझु देस ने" (छान बोलता हं) म्हणून मोकळा होतो, नक्की काय खटकलं ते त्यालाही सांगता येत नाही.

माझं मत आता पक्कं झालंय की भानगड वाक्याच्या शेपटीत आहे. आपले ॲडव्हान्स्ड लर्नर्स प्रत्येक वाक्य पूर्ण करतात. कर्ता, कर्म, क्रियापद, शेवटी मास नाहीतर देस (सभ्य बोलण्यातले वाक्याचे शेवट), फुलस्टॉप. पुढचं वाक्य, परत तेच. जपानी माणूस बातम्या वाचताना असा बोलेल, भाषण करताना बोलेल, पण गप्पांमध्ये नाही बोलत. तिथे निम्मी वाक्यं केदो (पण) वर लोंबकळत असतात, काही ते (क्रियापदाला चिकटणारा "आणि") वर, काही नुसत्या नामावर थांबतात, आणि जी पूर्ण होतात त्यांच्या मागे न्देस, यो, ने असं काहीतरी चिकटलेलं असतं. नुसतं टकटकीत मास वर संपलेलं वाक्य गप्पांमध्ये तसं कमीच ऐकू येतं.

साधं उदाहरण घ्या. मीटिंगला उशीर झालाय. लर्नर म्हणतो, "देन्शा गा ओकुरेमाशिता कारा, ओसोकु नारिमाशिता." व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण ऐकणाऱ्याला ते कसं लागतं माहितीये? ट्रेन लेट होती म्हणून मला उशीर झाला, विषय संपला, माझा काय दोष. कारा (म्हणून) नेहमीच उद्धट असतो असं नाही, पण तो कारण ठामपणे मांडतो, आणि माफी मागायच्या जागी कारण ठामपणे मांडलं की ते सबबीसारखं वाटतं. जपानी माणूस म्हणेल, "सुमिमासेन, देन्शा गा तोमाच्चात्ते..." (माफ करा, ट्रेनच बंद पडली आणि...) आणि बास, तिथेच सोडेल. ते वर. पुढचं समोरच्याने भरायचं, "आ, ताइहेन देशिता ने" (अरे, त्रास झाला ना) वगैरे. म्हणजे वाक्य अर्धवट राहिलं नाही, त्याचा पुढचा अर्धा भाग दुसऱ्याच्या तोंडात होता.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. आपण काय म्हणतो, "अहो ट्रेनच लेट झाली आणि..." हा जो आणि हवेत सोडतो ना आपण, तोच हा ते. कुणीही मराठी माणूस उशिरा येऊन "रेल्वेगाडी विलंबाने आल्यामुळे मला उशीर झाला" असं बोलत नाही. पण तोच माणूस जपानी बोलायला लागला की त्याच्या डोक्यातला क्लासरूम जागा होतो, पूर्ण वाक्यात उत्तर द्या.

यात परीक्षांचाही हात आहे असं मला वाटतं. जेएलपीटी 1984 पासून चालू आहे, 2010 मध्ये चारच्या पाच लेव्हल झाल्या, एन-वन ते एन-फाइव्ह, पण बोलायचा पेपर तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. 180 पैकी 100 मिळाले की (आणि प्रत्येक भागात किमान मार्क पडले की) एन-वन पास, तोंडातून एक शब्द न काढता. लिसनिंगमध्ये सोकुजी ओतो म्हणून एक प्रकार असतो, कुणीतरी एक छोटंसं वाक्य बोलतं आणि तीन उत्तरांतलं बरोबर उत्तर निवडायचं. तिथे सगळी शेपटीचीच मारामारी असते. म्हणजे कान तयार होतात, तोंड नाही होत.

मग ज्यांना बोलण्याची परीक्षा हवी ते ओपीआय देतात, ॲक्टफल या अमेरिकन संस्थेचा बोलण्याचा इंटरव्ह्यू, जास्तीत जास्त अर्ध्या तासाचा. तिथे लेव्हल ठरवताना तुम्ही शब्दात बोलता, वाक्यात बोलता, की परिच्छेदात बोलता हेही बघतात. वाक्यातच अडकलात तर इंटरमीडिएट, परिच्छेद जमला की ॲडव्हान्स्ड, त्याच्या वर सुपीरियर म्हणजे सलग मुद्दा मांडत जाणं. ओपीआय वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां, उलट उपलब्ध आहेत त्यातली ती मला सगळ्यात प्रामाणिक परीक्षा वाटते. पण विद्यार्थी त्यातून धडा काय घेतो, की लांब बोला, जोडून बोला, पूर्ण बोला. आणि मग चहाच्या मशीनपाशी उभं राहून सहकाऱ्याशी दोन मिनिटं बोलतानाही तो परिच्छेद टाकतो, आणि समोरच्याला मध्ये शिरायला फटच मिळत नाही.

या फटीबद्दल जपानी भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मिझुतानी नोबुको यांनी छान मांडणी केली आहे. ताइवा म्हणजे दोघांनी आळीपाळीने आपापलं पूर्ण बोलणं, आणि त्याच्या शेजारी त्यांनी क्योवा हा शब्द ठेवला, म्हणजे दोघांनी मिळून एकच बोलणं तयार करणं. एक म्हणतो "केसा, देन्शा गा..." आणि दुसरा म्हणतो "तोमात्तेमाशिता ने." आज सकाळी ट्रेन... बंद होती ना. वाक्य एक, तोंडं दोन. आपला लर्नर इथे दोन्हीकडे कमी पडतो, स्वतः फट ठेवत नाही आणि दुसऱ्याने ठेवलेली भरत नाही, कारण त्याला वाटतं मध्ये बोलणं म्हणजे असभ्यपणा. मराठी माणसाने हे म्हणावं म्हणजे कमाल आहे, आपण तर एकमेकांची वाक्यं सर्रास पूर्ण करतो. फरक एवढाच की आपण पूर्ण करून तिथे थांबत नाही, ते वाक्य उचलून आपल्या स्वतःच्या गोष्टीत घेऊन जातो. जपानीत भरायचं आणि परत द्यायचं.

आता न्देस यो ने. हे जरा सावकाश बघू कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. समजा शनिवारी कुठेतरी बोलावलंय आणि जमणार नाहीये.

"इकेमासेन." नाही येऊ शकत. दार बंद.

"इकेनाइन्देस." त्याच्यामागे काहीतरी आहे, कारण आहे, परिस्थिती आहे. ते सांगितलं नाही तरी ते असल्याचं ऐकू येतं.

"इकेनाइन्देस यो." तुम्हाला माहीत नव्हतं, मी सांगतेय.

"इकेनाइन्देस यो ने..." आणि शेवटचा ने जरा ओढलेला. इथे बोलणारा स्वतःच हळहळतोय, आणि त्या हळहळीत समोरच्याला बाजूला जागा करून देतोय. आता समोरचा "झान्नेन देस ने" (अरेरे) म्हणू शकतो, "मग रविवारी?" म्हणू शकतो, काहीही.

माहिती चारही वाक्यांत एकच आहे, जमणार नाही. एन-वन वाल्याला यातलं प्रत्येक वाक्य समजतं, प्रत्येकाचा अर्थ तो सांगेल. पण स्वतः बोलायची वेळ आली की पहिलं नाहीतर दुसरं. न्देस एकटा वापरेल, यो एकटा वापरेल, ने एकटा वापरेल, एकावर एक चढवणार नाही, कारण पुस्तकात ते वेगवेगळ्या धड्यात आले होते. न्देस एका धड्यात, यो आणि ने दुसऱ्याच. आणि यो ने असं जोडून आलं की काय होतं यावर तर बऱ्याच पुस्तकांत धड दोन ओळीही नसतात.

मराठीत बघा, "नाही जमणार", "नाही जमणारे", "नाही ना जमत", "अहो नाहीच ना जमत". आपण पण चढवतोच की थरावर थर.

पण इथेच एक सापळा आहे आणि तो खास आपला, मराठी (आणि हिंदी) वाल्यांचा. ना आणि ने ऐकायला इतके सारखे की पहिल्याच महिन्यात डोक्यात समीकरण बसतं, ना म्हणजे ने. आणि "आज गरम होतंय ना" साठी ते मस्त चालतंही, "क्यो आत्सुइ देस ने". पण आपला ना फार उद्योगी आहे हो. "सांगितलं ना मी" मधला ना चिडलेला आहे, तिथे जपानीत "इत्ता देश्यो" लागेल. "ये ना" मधला ना आग्रह करतोय, "ओइदे यो". "येतोस ना?" मध्ये खात्री करून घेतोय, "कुरु यो ने?" आणि "मी भारतातून आलोय ना, त्यामुळे..." मधला ना तर पार्श्वभूमी देतोय, तिथे न्देस यो पाहिजे. पण लर्नर काय म्हणतो, "इन्दो कारा किमाशिता ने." समोरचा बुचकळ्यात. तुम्ही भारतातून आलात हे मला विचारताय की सांगताय?

भाषाशास्त्रज्ञ कामिओ आकिओ यांनी याची फार नेटकी मांडणी केली होती, माहितीचा इलाका म्हणूया. जी माहिती फक्त माझ्या इलाक्यात आहे, माझं नाव, माझं गाव, माझं दुखणारं डोकं, तिला नुसता ने सहसा लागत नाही. जी दोघांच्या इलाक्यात आहे तिला ने लावावाच लागतो, आणि नाही लावला तर विचित्र वाटतं. "क्यो वा आत्सुइ देस" एवढंच कुणाला म्हणून बघा, हवामान खात्याचा माणूस बोलल्यासारखं वाटेल. आणि जी फक्त समोरच्याच्या इलाक्यात आहे, त्याचं मन, त्याची इच्छा, तिच्यावर पाऊल टाकताना तर फारच जपून. "सेन्सेइ, कोही गा नोमिताइ देस का" (सर, कॉफी प्यावीशी वाटते का) हे म्हणूनच खटकतं. आपल्याला त्यात फक्त आदराने विचारलेला प्रश्न दिसतो, पण सरांना काय हवंसं वाटतंय ते थेट विचारणं म्हणजे त्यांच्या इलाक्यात घुसणं झालं. "कोही वा इकागा देस का" विचारायचं, कॉफीबद्दल विचारायचं, सरांच्या मनाबद्दल नाही.

यावरून प्रश्न आणि विनंत्यांकडे येते. जपानीत काम करून घ्यायचं असेल तर आज्ञार्थी वाक्य हा शेवटचा पर्याय. कुदासाइ (कृपया करा) कितीही गोड म्हटलं तरी आहे ती सूचनाच. ऑफिसात जास्त करून ऐकू येतं ते प्रश्नाच्या रूपात, "ओकुत्ते मोरात्ते इइ देस का" (पाठवून मिळेल का), किंवा मग साध्या विधानाच्या रूपात, "ओकुत्ते इतादाकेरु तो तासुकारुन्देस गा..." पाठवलंत तर मदत होईल, पण... आणि तो गा असाच उघडा. काहीही मागितलेलं नाही, फक्त एक वस्तुस्थिती सांगितली. आपण तरी काय करतो, "जरा काम होतं तुमच्याकडे", "एक विचारायचं होतं". होतं! काम आत्ता आहे, विचारायचंय आत्ताच, पण आपण ते भूतकाळात ढकलून मवाळ करतो. "चोत्तो ओकिकि शिताइ कोतो गा आरुन्देस केदो" हे त्याचंच भावंड. नकाराचंही तसंच, "सोनो हि वा चोत्तो..." (त्या दिवशी जरा...) एवढ्यावर काम भागतं, नकार असा शब्द उच्चारायची वेळच येत नाही. हे मात्र सगळ्या लर्नर्सना येतं, कारण हे पहिल्या वर्षीच कौतुकाने शिकवतात.

एक प्रश्न असा असतो जो कुणालाच विचारलेला नसतो. "दोको नि ओइताक्के" (कुठे बरं ठेवलं), "दोशियो काना" (काय करावं बरं), "नान्दारो" (काय असेल). माझ्या मते ॲडव्हान्स्ड लर्नरला वरच्या पायरीवर नेणारी गोष्ट हीच आहे, स्वतःशी बोलल्यासारखं दुसऱ्याशी बोलणं. क्के साठी तर मराठीत इतकं तंतोतंत जुळणारं आहे की मला शिकवताना मजा येते, "कुठे बरं ठेवलं मी?", "काय बरं त्याचं नाव?" हा बरं म्हणजे क्के, माहीत होतं, आत्ता आठवत नाहीये, कुणी आठवण करून दिलीत तर हरकत नाही. लर्नर त्याऐवजी "नामाए ओ वासुरेमाशिता" म्हणतो. नाव विसरलो. झालं, कबुली दिली, आता समोरचा काय करणार. "नान्दाक्के" म्हटलं की तो लगेच नाव पुरवतो.

आणि हे स्वतःशी बोलणं साध्या रूपात असतं, देस-मास मध्ये नसतं, हे अजून एक. बॉसशी अर्धा तास मास मध्ये बोलणारा जपानी माणूस मध्येच "आ, सोका" (अच्छा) म्हणतो, "सुगोइ" (भारी) म्हणतो, किंमत ऐकून "ताकाः!" म्हणतो (ताकाइ म्हणजे महाग, त्यातला इ गिळून टाकायचा आणि आवाज तोडायचा). ते उद्धट होत नाही, कारण ते बॉसला उद्देशून नाहीच. लगेच पुढच्या वाक्यात परत मास. आपले लोक एक तर पूर्ण वेळ मास मध्ये बसून राहतात, चकित झाले तरी मास मध्ये होतात, "बिक्कुरि शिमाशिता" म्हणून, किंवा मग एकदा साध्या रूपात घसरले की घसरतच जातात, आणि पाच मिनिटांनी बॉसला "उन" (हं) म्हणत असतात. ॲनिमे बघून आलेल्यांचं वेगळंच, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी, ते झे आणि झो या रांगड्या शेपट्या घेऊन येतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात.

नामावर संपणाऱ्या वाक्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. "राइगेत्सु हिक्कोसु योतेइ देस." पुढच्या महिन्यात घर बदलायचा बेत आहे. यात सुरुवातीला सगळं क्रियापदाचं वाक्य आहे आणि शेवटी एकदम नाम आणि देस. भाषाशास्त्रज्ञ त्सुनोदा तासाकु यांनी अशा रचनेला निंग्यो कोबुन म्हटलं, जलपरी वाक्य, वरचं अंग एकाचं आणि शेपूट दुसऱ्याचं. योतेइ (बेत), त्सुमोरि (इरादा), तोकोरो (बेतात असणं) हे लर्नर वापरतात, पुस्तकात असतात ते. पण बोलताना सगळ्यात जास्त चालणारं आहे कान्जि (असं वाटणं). "यात्तो ओवात्तात्ते कान्जि देस ने", संपलं बुवा एकदाचं असं वाटतंय. लर्नर तिथे ठोकळेबाज "ओवात्ता तो ओमोइमास" म्हणतो. मला वाटतं की संपलं. म्हणजे तुला खात्री नाही का संपल्याची? तो ओमोइमास हे ॲडव्हान्स्ड लोकांचं टेकू झालंय, कुठल्याही वाक्याला मवाळ करायचं असलं की लाव तो ओमोइमास, माझ्याकडची काही रेकॉर्डिंग्स तर अशी आहेत की ओळीने प्रत्येक वाक्य त्याच्यावरच टेकलेलं.

क्रियापद शेवटी येतं हे आपल्याला इतकं घोटून शिकवलंय की क्रियापदानंतर काही बोलायचं असतं हेच आपण विसरतो. "नानि, कोरे", "इत्ता कोतो आरु, क्योतो?" हे सर्रास बोलतात. आधी महत्त्वाचं बोलून टाकायचं, मग काय ते शेपटीला लावायचं. "काय हे!", "गेलायस का कधी, क्योटोला?" मराठीत पण क्रियापद शेवटीच असतं म्हणे पुस्तकात.

हां, आणि म्हणे! हे राहिलंच. "केक्कोन सुरुन्दात्ते", लग्न करतोय म्हणे. त्यातला न्दात्ते आणि आपला म्हणे दोघेही वाक्याच्या टोकाला येऊन उभे राहतात आणि सांगतात की हे माझं नाही, ऐकलेलं आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी बहुतेकदा वेगळं वाक्य रचावं लागतं, आपल्याला नाही. तरी आपले लोक "केक्कोन सुरु तो इत्तेइमाशिता" असं साक्षीदारासारखं सांगतात.

गोष्ट सांगताना मात्र चित्र थोडं बदलतं, तिथे पूर्ण वाक्यं चालतात, किंबहुना हवीच. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा, कोकुकेन चा, आय-जास नावाचा मोठा कॉर्पस (भाषेच्या नमुन्यांचा संग्रह) आहे, साकोदा कुमिको यांच्या नेतृत्वाखाली झालेला, 1000 लर्नर्स, 12 मातृभाषा, आणि तुलनेला 50 जपानी माणसं. (त्या बारा भाषांमध्ये मराठी नाही, हिंदीही नाही, म्हणजे आपल्या चुका आपल्यालाच गोळा करायच्या आहेत.) त्यात सगळ्यांना तीच चित्रं दाखवून तीच गोष्ट सांगायला लावतात. केन आणि मारि सँडविच करतात, नकाशा बघत असताना कुत्रा गुपचूप बास्केटमध्ये शिरतो, पिकनिकला जाऊन बास्केट उघडतात तर आत कुत्रा आणि खाणं गायब. लर्नरची गोष्ट बहुतेक वेळा अशी जाते: त्यांनी बास्केट उघडली. कुत्रा बाहेर आला. कुत्र्याने सँडविच खाल्लं होतं. कर्ता बदलतो, आधी ते, मग कुत्रा. जपानी माणूस बरेचदा केन आणि मारिच्या खांद्यावर कॅमेरा ठेवतो आणि शेवटपर्यंत हलवत नाही, "बासुकेत्तो ओ आकेरु तो, इनु गा तोबिदाशिते किते", त्यांच्या दिशेने उडी मारून बाहेर आला, "सान्दोइच्चि वा इनु नि ताबेरारेते शिमात्तेइमाशिता", कुत्र्याकडून खाल्लं गेलं होतं, त्यांचं नुकसान झालं. किते, रारेते, शिमात्ते, या सगळ्या खुणा सांगतात की आपण कुणाच्या बाजूने बघतोय. "कुत्र्याने खाऊन टाकलं होतं की सगळं" मधला टाकलं बऱ्याच अंशी शिमात्ते चं काम करतो, त्यामुळे शिमाउ आपल्याला पटकन जमतं, पण पॅसिव्ह आपण बोलण्यात फारसा वापरत नाही, त्यामुळे तो कागदावर येतो आणि तोंडात येत नाही.

याच्या आधीचा केवाय कॉर्पस लहान आहे, कामादा ओसामु आणि यामाउचि हिरोयुकि यांचा, 90 ओपीआय इंटरव्ह्यूंची ट्रान्सक्रिप्ट्स, चिनी, इंग्रजी आणि कोरियन बोलणारे 30-30 जण. त्यात गंमत म्हणजे लेव्हलनुसार वाटणी आहे, प्रत्येक भाषेत 5 नवशिके, 10 मधले, 10 ॲडव्हान्स्ड, 5 सुपीरियर. एकाच बैठकीत मधल्या लेव्हलपासून सुपीरियरपर्यंत वाचत गेलं तर शेपट्या कशा बदलत जातात ते बघायला मिळतं.

आता दुसरी बाजू. हे सगळं ऐकून काही जण जोरात कामाला लागतात आणि एक लाडकी शेपटी पकडतात. सगळं मिताइना (असं काहीसं) वर संपायला लागतं, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे ज्यानाइ देस का. "वाताशित्ते, आसा योवाइ ज्यानाइ देस का", मला सकाळी लवकर उठवत नाही, नाही का? अहो मला काय माहीत तुम्हाला उठवतं का नाही, आपण आत्ताच भेटलो. जपानी तरुण असं बोलतात हे खरं आहे आणि त्यावर जपानी मोठी माणसंच वैतागतात, मग परदेशी माणसाच्या तोंडून आलं तर विचारूच नका. केदो चंही तसंच, प्रत्येक वाक्य लोंबकळत ठेवलं की माणूस काही ठरवूच शकत नाही असं वाटतं. नेटिव्ह माणूस मिसळत राहतो: दोन उघडी, एक बंद, एक नाम, एक उद्गार, आणि जिथे खरंच शेवटचा शब्द द्यायचा असेल तिथे कडक मास. त्या मास ला वजन येतं ते आजूबाजूची वाक्यं सैल असल्यामुळे.

मी माझ्या बॅचला एकच काम देते. जपानी मित्राशी किंवा एक्स्चेंज पार्टनरशी गप्पा मारताना, त्याची परवानगी घेऊन, थोडंसं रेकॉर्ड करा. पूर्ण ट्रान्सक्रिप्ट करत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा तुकडा लिहा, डावीकडे तुमचा, उजवीकडे त्याचा. डावीकडे मास, मास, देस, तो ओमोइमास, मास अशी रांग लागलेली दिसली की मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उजवीकडे बरेचदा पाठोपाठच्या दोन ओळी सारख्या सापडत नाहीत.

ज्यांच्याकडे पार्टनर नाही त्यांनी आय-जास उघडा, कोकुकेनच्या चुनागोन या ऑनलाइन सर्चवर आहे, रजिस्ट्रेशन करावं लागतं पण पैसे लागत नाहीत. चित्रांच्या गोष्टी सोडून संवादाचा भाग घ्या, लर्नर आणि जपानी वेगवेगळे काढा, केदो सर्च करा आणि केदो च्या लगेच पुढे बोलणारा बदलतोय का तोच चालू आहे तेवढंच बघत जा. हेच नंतर ते आणि कारा साठी करा. कारा ला जास्त वेळ लागेल, कारण "तोक्यो कारा" मधला "पासून" वाला कारा पण त्यात येऊन पडतो, तो हाताने वेगळा काढावा लागतो.